घरात आजारपण असताना भरतकाम कसे करावे आणि कशासाठी करावे

ताई, तुमचा प्रश्न सावकाश वाचला. आठ महिन्यांपूर्वी तुमच्या यजमानांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात-पाय आणि बोलणे या दोन्हींवर परिणाम झाला, आणि तुम्ही बिनपगारी रजा घेऊन आता जवळजवळ पूर्ण वेळ त्यांच्यापाशी आहात. मन रमावे म्हणून भाचीने तुम्हाला मोराचे चित्र छापलेले कापड, रिंग आणि पुष्कळ रंगांच्या लड्या असा एक संच आणून दिला. तुम्ही बसता, पण दहा मिनिटांत लक्ष उडते. जे भरले ते मनास येत नाही म्हणून उसवता. आणि ते पलंगावर पडून असताना आपण रंग जुळवत बसलो आहोत, या विचाराने अपराधी वाटते. शेवटी तुम्ही विचारले आहे की अशा वेळी कोणता टाका शिकणे सोपे, आणि त्याच्याच खाली लिहिले आहे की ‘एक मोर भरून कोणाचे काय भले होणार आहे?’

माझ्या मते तुमचा खरा प्रश्न टाक्याचा नाही. तुम्हाला एकाच वेळी दोन गोष्टी हव्या आहेत. एक, डोक्यात सतत चालणारी चिंता थोडा वेळ तरी थांबावी. आणि दुसरी, जे हातून होईल त्याला काही अर्थ असावा. या दोन्ही मागण्या रास्त आहेत आणि भरतकामातून दोन्ही पुऱ्या होऊ शकतात, पण त्या एकाच ठिकाणाहून पुऱ्या होत नाहीत. विसावा टाका घालण्याच्या क्रियेतून मिळतो. अर्थ मिळतो तो ते कापड पुढे कोणाकडे आणि कशासाठी जाणार आहे यातून. मोराच्या त्या संचात तुमच्यासाठी पहिली गोष्ट फार अवघड करून ठेवली आहे आणि दुसरीचा विचारच केलेला नाही. तुमचे मन लागत नाही याचे कारण मला तिथे दिसते, तुमच्या स्वभावात दिसत नाही.

मी मिरजेत बरीच वर्षे भरतकाम शिकवते. मिरज हे दवाखान्यांचे गाव आहे. सांगली-कोल्हापूरपासून बेळगाव-विजापूरपर्यंतचे रुग्ण इथे येतात आणि त्यांच्याबरोबर त्यांची माणसेही येतात. त्यामुळे माझ्याकडे हौसेने शिकायला येणाऱ्या मुलींबरोबरच, ज्यांच्या घरी लांबलेले आजारपण आहे किंवा नुकतेच कोणी गेले आहे अशा स्त्रिया, क्वचित पुरुषही, येत राहिले. पुढे जे सांगते आहे ते त्यांच्या शेजारी बसून पाहिलेले आहे. मी डॉक्टर नाही आणि भरतकाम हा उपचार आहे असा माझा दावा नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगायला हव्यात. जिच्या घरी माणूस गेले आहे तिच्यापुढे मोकळा वेळ अंगावर येईल इतका असतो. तुमच्यासारखी जी शुश्रूषा करते आहे तिच्या वाट्याला वेळ येतो तो तुकड्यातुकड्यांनी, कोणत्याही क्षणी हाक येईल या तयारीने. दोघींना सांगायचे काम एकच असू शकत नाही. चाळिशीनंतर जवळचे दिसण्याचा चष्मा बरोबर नसेल तर डोके दुखू लागते आणि दोष भरतकामाला दिला जातो, म्हणून आधी चष्मा तपासून घ्यावा. मधुमेहाने बोटांची संवेदना कमी झाली असेल तर बोथट टोकाची सुई आणि अंगुस्तान वापरावे. आणि एक गोष्ट अगदी स्पष्टपणे सांगते: झोप पूर्ण उडाली असेल, जेवण जात नसेल, सकाळी उठावेसेच वाटत नसेल किंवा जगणे नको असे विचार येत असतील, तर सुई-दोऱ्यावर विसंबून राहू नये. डॉक्टरांना भेटावे. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही १४४१६ क्रमांकाची विनामूल्य मदतवाहिनी चोवीस तास चालते आणि तिथे मराठीतून बोलता येते. भरतकाम त्या मदतीच्या जोडीने चालू शकते, तिच्या जागी नाही.

आता मोराविषयी. छापील चित्रावर साटीन टाक्याने, म्हणजे शेजारी शेजारी लांब टाके घालून जागा भरत, किंवा छटा मिसळत भरायचे काम हे भरतकामातले अवघड काम आहे. त्यात दर टाक्याला निर्णय घ्यावा लागतो: सुई नेमकी कुठे वर काढायची, टाका किती लांब घ्यायचा, हिरव्यातून निळ्यात कुठे शिरायचे. हात बसलेल्या माणसाला त्या निर्णयांत आनंद असतो. पण जी स्त्री दिवसभर औषधांच्या वेळा, फिजिओथेरपिस्टच्या फेऱ्या आणि पैशांचा हिशेब यांचे निर्णय घेऊन थकली आहे, तिला विसाव्याच्या वेळी आणखी शंभर निर्णय घ्यायला लावणे योग्य नाही. शिवाय अशा भरण्यात चूक आणि बरोबर यांच्यामध्ये ठाम रेषा नसते. पीस ‘हवे तसे’ झाले नाही एवढेच जाणवते, कारण सापडत नाही, आणि मग सगळेच उसवले जाते.

म्हणून मी अशा वेळी मोजून करायचे भरतकाम सुचवते. त्यातही आमच्या सीमाभागातली कसुती. धारवाड-हुबळीकडची ही कला, इरकल साड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या होत आलेली. तिच्यात कापडावर चित्र छापायचे नसते. कापडाचे उभे-आडवे धागे मोजत नक्षी उभी करायची असते. तिचे चार टाके आहेत: गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी. तुम्ही फक्त गवंतीपासून सुरुवात करा. गवंती म्हणजे दुहेरी धावदोरा. मोजलेल्या धाग्यांचा एक चौकोन म्हणजे एक घर. जाताना दोरा एक घर कापडाच्या वर, एक घर कापडाच्या खाली असे टाके घालत जायचे, आणि त्याच वाटेने परत येताना मधली सुटलेली घरे भरायची. गाठ मारायची नाही. नीट केले तर कापडाची दोन्ही अंगे सारखी दिसतात.

चिंतेने भरलेल्या डोक्याला हे काम का मानवते, याविषयीचा माझा समज सांगते. साधा धावदोरा हाताला इतका सोपा असतो की हात चालत राहतो आणि मन मागच्या-पुढच्या काळजीत भटकून येते. अवघड भरणे मनाला इतके ताणते की ते सोडून उठावेसे वाटते. गवंती या दोहोंच्या मधली आहे. ‘एक वर, एक खाली’ मोजावे लागते, आणि नक्षीला फांदी फुटते तिथे, आत्ता या फांदीवर जाऊन परत यायचे की येताना करायची, एवढेच ठरवावे लागते. त्या क्षणापुरते डोक्यात आकडे असतात, आणि आकडे मोजत असताना रिपोर्टचा विचार करता येत नाही. विचार पुन्हा येतो. तो आला की मोजणी चुकते, आणि मोजणी चुकल्याचे कापडावर लगेच दिसते. अशा वेळी स्वतःवर चिडायचे कारण नसते, चार घरे मागे जाऊन पुन्हा मोजायचे असते. मोजलेल्या कामात चूक ही फक्त मोजणीची असते. ‘मला जमत नाही’, ‘माझ्या हातात कला नाही’ अशा निकालांना तिथे वाव नसतो, आणि ज्या माणसाला सध्या सर्व बाजूंनी आपण कमी पडतो आहोत असे वाटते आहे, त्याच्यासाठी ही फार मोठी सोय आहे.

मोजून करायच्या कामाचा हा गुण फार वेगळ्या परिस्थितीतही दिसून आला आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत असलेले ब्रिटिश मेजर अलेक्सिस कॅसडॅग्ली यांनी मिळालेल्या कॅनव्हासच्या तुकड्यावर, जुन्या पुलोव्हरचे उसवलेले दोरे वापरून, फुलीच्या टाक्यांचा एक नमुना भरला. त्यावर डिसेंबर १९४१ ही तारीख आहे. नक्षीच्या चौकटीत त्यांनी मोर्स लिपीतल्या टिंबा-रेघांनी इंग्लंडच्या राजाचा जयजयकार आणि हिटलरला शिवी गुंफली होती, आणि ती न ओळखणाऱ्या पहारेकऱ्यांनी तो नमुना कौतुकाने इतरांना दाखवला. बंदिवासातले दिवस संपता संपत नसताना दर टाक्याला काहीतरी मोजायचे आहे, आणि ते मोजणे आपल्याच हातात आहे, ही गोष्ट किती आधार देत असेल, हे आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागणार नाही.

आता प्रत्यक्ष सामान. बाजारात ‘मॅटी’ किंवा ‘आयडा’ नावाने मिळणारे घरे पाडलेले कापड घ्या. इंचाला अकरा घरांचे घेतले तर डोळ्यांना सोपे जाते, चौदा घरांचे नंतर घ्या. पांढरे किंवा साय रंगाचे कापड आणि त्यावर एकच गडद रंग, तांबडा किंवा गडद निळा. तुमच्याकडच्या पुष्कळ लड्यांतून एक निवडा आणि बाकीच्या नजरेआड ठेवून द्या. परंपरेने कसुती काळ्या चंद्रकळेवर शोभते हे खरे, पण काळ्या कापडाची घरे रात्रीच्या दिव्यात दिसत नाहीत. पुढे कधी काळ्यावर काम कराल तेव्हा मांडीवर पांढरे फडके पसरून त्यावर कापड धरावे, म्हणजे छिद्रे उठून दिसतात. भरतकामाच्या लडीतला दोरा सहा पदरी असतो, त्यातले दोन किंवा तीन पदर वेगळे करून घ्यावेत. सुई बोथट टोकाची, २२ किंवा २४ नंबरची. ती घरांतून अलगद जाते, बोटाला टोचत नाही, आणि आजाऱ्याच्या खोलीत तेच सुरक्षित. सुया झाकणाच्या डबीत मोजून ठेवा, पलंगावर कधीही ठेवू नका. पावसाळ्यात कापडात सुई खोचून ठेवू नका. गंजाचा डाग निघता निघत नाही. काम थांबवताना रिंगही काढून ठेवा.

वेळेविषयी तुम्हाला जे सांगणार आहे ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. तास किंवा नक्षी हे माप धरू नका, दोरा हे माप धरा. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, म्हणजे साधारण अठरा इंच दोरा कापायचा. त्याहून लांब घेतला तर तो गुंततो आणि कापडातून जाऊन-येऊन झिजतो. हा एक दोरा संपेपर्यंत काम, मग थांबायचे. नवशिक्या हाताला त्यासाठी पाव ते अर्धा तास लागतो. मध्ये हाक आली तर आहे त्या जागी सोडून उठायचे. मोजलेल्या कामात आपण कुठे होतो हे कापडच सांगते, त्यामुळे परत येऊन बसणे सोपे जाते. दिवसाला एक दोरा झाला तर त्या दिवसाचे काम पूर्ण झाले. दुसरा घ्यायची इच्छा झाली तर जरूर घ्यावा, पण राहिलेला दोरा उद्याच्या खात्यावर चढवू नये. शुश्रूषा करणाऱ्या स्त्रीच्या डोक्यावर अपुऱ्या कामांची यादी आधीच मोठी असते. भरतकाम त्या यादीत जाऊन बसले की त्याचा विसावा संपतो.

उसवण्याबाबतही एक नियम पाळा. घर चुकले असेल तर लगेच उसवा, कारण पुढची सारी नक्षी त्यावर उभी राहणार असते. सुईतून दोरा काढून, सुईच्या नेढ्याच्या बाजूने एकेक टाका मागे काढावा, ओढू नये. पण ‘छान दिसत नाही’ म्हणून उसवायचे असेल तर त्या दिवशी हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात, हातभर अंतरावरून पाहायचे आणि मग ठरवायचे. रात्री दहा वाजता थकलेल्या डोळ्यांनी दिलेला निकाल सकाळी बहुधा टिकत नाही, हे मी माझ्या विद्यार्थिनींच्या बाबतीत इतक्यांदा पाहिले आहे की आता वर्गातही रात्री उसवू नका असेच सांगते.

पलंगाजवळ बसून भरताना अपराधी वाटते, हे तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलेत. आजाऱ्याच्या सोबतीला बसण्यात बराचसा वेळ नुसता थांबण्याचा असतो. सलाईन संपण्याची वाट, औषधाने झोप लागण्याची वाट, डॉक्टरांच्या येण्याची वाट. त्या वेळात आपण मोबाइल पाहत बसलो तर मन खोलीतून निघून जाते. कानही तिकडेच असतात. भरतकामात डोळे आणि बोटे कापडावर असतात, पण कान मोकळे असतात, श्वास बदललेला कळतो, कुस बदललेली कळते. त्यामुळे भरत बसणे म्हणजे त्यांना सोडून दुसरीकडे जाणे असे मी मानत नाही. त्यांच्याजवळ टिकून बसता यावे म्हणून केलेली ती सोय आहे.

याला आणखी एक बाजू आहे. ज्यांचे बोलणे गेले आहे किंवा अडखळते आहे, त्यांना समोरचे माणूस टक लावून पाहत बसले की बोलण्याचे दडपण येते. बायको हातातल्या कामाकडे पाहत शेजारी बसली आहे, घाईत नाही, उत्तराची वाट पाहत नाही, अशा वेळी एखादा शब्द आपसूक बाहेर पडायला जागा मिळते. हे होईलच असे मी म्हणत नाही. पण माझ्या वर्गात, एकमेकींकडे न पाहता कापडाकडे पाहत असतानाच बायका सर्वांत अवघड गोष्टी बोलतात, हे मी नेहमी पाहते. तुमच्या यजमानांना यात सामीलही करून घेता येईल. दोन लड्या समोर धरून ‘यातली कोणती?’ असे विचारा आणि त्यांनी डाव्या हाताने दाखवलेला रंगच वापरा, तो तुम्हाला पसंत नसला तरी. आजारपणात माणसाच्या हातातून निर्णय निघून जातात. कोणते औषध, कोणते जेवण, कधी उठायचे, सगळे इतर ठरवतात. रंग ठरवणे ही लहान गोष्ट आहे, पण ती त्यांची आहे. पुढे त्यांच्या हाताच्या व्यायामासाठी दोरा गुंडाळणे, मोठे मणी ओवणे असे काही देता येईल का, हे मात्र फिजिओथेरपिस्टना विचारूनच ठरवावे.

आतापर्यंत सांगितले ते विसाव्याविषयी. पहिले काही आठवडे एवढेच पुरे आहे, आणि त्या काळात ‘याचा उपयोग काय’ हा प्रश्न मनात आला तर त्याला थोडे थांबायला सांगा. मन ठिकाणावर नसताना मोठा हेतू डोक्यावर घेतला की त्याचेही ओझे होते. पण तो प्रश्न खोटा नाही, आणि विसाव्याने काही काळ भागते तसे कायमचे भागत नाही. माझ्याकडे आलेल्या ज्या स्त्रिया केवळ वेळ जावा म्हणून भरत राहिल्या, त्यांचे काम बहुधा कपाटात जाऊन पडले आणि पुढे थांबले. ज्यांच्या कापडाला धनी होता, म्हणजे हे अमक्यासाठी, अमक्या दिवसापर्यंत, अमक्या मापाचे, असे ज्यांनी ठरवले होते, त्या टिकल्या.

सिंगापूरच्या चांगी तुरुंगातल्या रजयांची हकिकत याच कारणासाठी मी माझ्या विद्यार्थिनींना सांगते. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर जपानी सैन्याच्या हाती पडले आणि तिथल्या युरोपीय नागरिकांना कैदेत टाकण्यात आले, पुरुष वेगळे, स्त्रिया आणि मुले वेगळी. नवरा जिवंत आहे की नाही हे बायकोला कळत नव्हते आणि बायको कशी आहे हे नवऱ्याला. एथेल मुल्व्हानी या कॅनडाच्या स्त्रीच्या पुढाकाराने त्या कैदी स्त्रियांनी कापडाचे चौकोन भरायला घेतले. प्रत्येकीने आपल्या चौकोनात स्वतःविषयी काहीतरी भरायचे आणि नाव घालायचे. असे ६६-६६ चौकोन जोडून तीन रजया झाल्या, जखमी ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन आणि जपानी सैनिकांसाठी म्हणून. त्या इस्पितळात पोहोचल्या की नावे वाचली जातील आणि आपण जिवंत असल्याची खबर आपल्या माणसापर्यंत जाईल, ही त्यामागची आशा होती. त्यातल्या दोन रजया आज कॅनबेराच्या युद्धस्मारक संग्रहालयात आहेत. त्या चौकोनांतले कित्येक टाके अगदी साधे आहेत. चौकोन लहान होता, वाचणारा ठरलेला होता आणि सांगायचे ते खरे होते. कामाला अर्थ यायला यापेक्षा जास्त काही लागत नाही.

तुमच्या घरापुरते हे कसे करायचे? पहिला धनी घरातच आहे. जेवताना यजमानांच्या गळ्याशी तुम्ही काहीतरी बांधत असाल, जुना टॉवेल किंवा लहान मुलांसारखे लाळेरे. प्रौढ, कर्त्या माणसाला ते किती लागते हे त्यांना सांगता येत नाही, पण लागते. चांगल्या सुती कापडाचे, मागे सैल बंद असलेले, छातीभर लांबीचे आवरण शिवून घ्या आणि त्याच्या खालच्या काठाला तुमच्या गवंतीची एक पट्टी द्या. असे तीन-चार झाले की रोज धुऊन बदलता येतात, आणि पाहुणे आले तरी ते लपवावेसे वाटत नाही. वॉकरला लटकवायची पिशवी हेही असेच उपयोगी काम आहे. उशीचा अभ्रा भरणार असाल तर भरतकाम फक्त उघड्या तोंडाच्या काठाशी ठेवा. बराच वेळ एका कुशीवर पडून राहणाऱ्या माणसाच्या गालाखाली, कानाखाली किंवा पाठीखाली गाठीचे, उठावाचे टाके कधीही येऊ देऊ नका; त्वचेवर दाब पडून जखम होऊ शकते. पलंगावर पसरायच्या चादरीलाही हेच लागू आहे.

दुसरा धनी घराबाहेरचा असावा असे मला वाटते, आणि त्याला घाई नाही. नात्यात किंवा शेजारी बाळ येणार असेल तर कुंची किंवा दुपटे, कोणाची पहिली संक्रांत असेल तर चंद्रकळेच्या पदरापुरती कसुती. आठ महिने ज्या घरात फक्त औषधाची आणि तब्येतीची बोलणी झाली, त्या घरातून बाहेर काहीतरी जाते, बाहेरचे माणूस ते घ्यायला येते, त्याच्याशी वेगळे बोलणे होते. शुश्रूषा करणाऱ्या बाईला सगळे फक्त ‘ते कसे आहेत?’ असे विचारतात. कोणीतरी ‘ही वेल तुम्ही कशी केलीत?’ असे विचारावे, याची गरज तुम्हाला आहे आणि तसे वाटण्यात गैर काहीच नाही.

पैशांचा विषय तुम्ही काढलेला नाही, पण बिनपगारी रजेवर आहात म्हणून दोन शब्द. भरतकामाने मानाने मिळवता येते याला आपल्याकडे जुना आधार आहे. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सेवासदन सुरू झाले तेव्हा स्त्रियांना शिवणकामासारखी कला शिकवून स्वतःच्या पायावर उभे करणे हा त्यातला महत्त्वाचा भाग होता. कच्छमध्ये १९६९ च्या दुष्काळात मदतीसाठी मुंबईहून धाणेटी गावी गेलेल्या चंदाबेन श्रॉफ यांना तिथल्या स्त्रियांना फुकटचे अन्न घेणे जड जात असल्याचे जाणवले. त्यांच्या अंगावरचे भरतकाम पाहून त्यांनी त्यांना साड्या भरायला दिल्या आणि त्यातून पुढे ‘श्रुजन’ ही संस्था उभी राहिली. तरीही तुम्हाला आत्ता विक्रीसाठी काम घेऊ नका असेच सांगेन. मागणीच्या कामाला तारीख असते, गिऱ्हाईकाची पसंती असते, आणि पूर्ण साडीवरची कसुती महिनोन्‌महिने चालते. तिच्या तासांचा हिशेब केला तर नवख्या हाताला पडणारा मोबदला फार थोडा असतो. हात बसू द्या, घरची घडी बसू द्या, मग वाटल्यास एखाद्या महिला गटाबरोबर लहान वस्तूंपासून सुरुवात करा.

तुमचा प्रश्न वाचणाऱ्यांत अशाही कोणी असतील ज्यांचे माणूस गेले आहे. त्यांच्यासाठी एवढेच की गेलेल्या आईच्या किंवा सासूच्या लुगड्यांची गोधडी शिवणे हे काम मी अनेकींना सुचवले आहे आणि ते फार समाधान देते, कारण कपाटातल्या कपड्यांचे काय करायचे हा छळणारा प्रश्न त्यातून सुटतो. मात्र पहिल्या काही महिन्यांत कात्री लावू नये, आणि भावंडांना विचारल्याशिवाय तर मुळीच नाही. गोधडीला लांब धावदोराच लागतो; हात चालत असताना मन भटकते असे मी वर म्हटले, आणि इथे ते भटकणेच हवे असते, आठवणींसाठी.

आता तुमच्या मोराकडे येते. तो टाकून देऊ नका आणि भाचीला परतही करू नका. रिंगमधून काढून, इस्त्री करून, त्याच्या लड्यांसह जुन्या सुती कापडात गुंडाळून ठेवा. गवंती हाताला आली की, ताई, मोराच्या मानेची आणि पायांची रेघ देठ टाक्याने आणि पिसाऱ्यातले डोळे साखळी टाक्याने नुसते बाह्यरेषेत भरता येतील. छटा मिसळण्याची काही सक्ती नाही. ते पुढे.

या आठवड्यासाठी एवढे करा. वीतभर आयडा कापड घ्या, चारही कडा दुमडून टाचून घ्या म्हणजे धागे सुटणार नाहीत. डावीकडून सुरुवात करून दोऱ्याचे दोन इंच शेपूट सोडा आणि तीस घरांची एक सरळ ओळ जाऊन-येऊन पूर्ण करा. शेपूट परतीच्या टाक्यांत अडकवून टाका. दुसऱ्या दिवशी तीच ओळ पायऱ्यांची करा, एक घर वर, एक घर पुढे. तिसऱ्या दिवशी पायऱ्या चढून उतरा, म्हणजे ओळीने शिखरे उभी राहतील आणि तुम्हाला गोपुराचा आकार दिसू लागेल. दोन-तीन दिवस तोच आकार पुन्हा करा. मग कापड उलटे करून पाहा. मागची बाजू पुढच्यासारखी दिसत असेल तर तुळशीवृंदावनाचा नमुना घ्यायला हरकत नाही; एखादे घर रिकामे राहिले असेल किंवा दोरा तिरपा गेला असेल तर परतीच्या वाटेवर कुठेतरी मोजणी सुटली आहे, तेवढाच भाग पुन्हा करून पाहा आणि कुठे अडते ते मला कळवा.